रडू आलं तर किती गुण?

या सदरात एरवी गुडघेदुखी, सुनेच्या अंगात रक्त कमी, बाळाला वरचं खाणं कधी सुरू करू, अशी पत्रं येतात. गेल्या अंकात संपादकांनी चार ओळी छापल्या की, नाशकातल्या एका निवृत्त आरोग्यसेविकेला, म्हणजे मला, आरोग्य आणि मानवतावादी चित्रपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवानं परीक्षक नेमलं होतं. झालं, या महिन्याचा गठ्ठा सगळा सिनेमाचाच. गुडघेवाल्यांनी एक महिना सबुरी धरावी.

प्रश्न : ताई, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्यावरून आमच्या होस्टेलवर वाद झाला. मैत्रीण म्हणते, परीक्षक म्हणजे दिग्दर्शक, नट, समीक्षक. सिनेमाचं काही शिक्षण नसताना आरोग्यसेविकेला बोलावून त्यांना काय मिळतं? राग नसावा.
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : राग कसला! मेल आला तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. त्यात तो इंग्रजीतून आलेला, सुरुवातीलाच 'डिअर डॉक्टर'. म्हटलं, पुढच्या मेलमध्ये बँकेचा नंबर मागणार. दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मी डॉक्टर नाही हे नंतर तीनदा कळवलं, तरी त्यांच्या पुस्तिकेत माझ्या नावाला 'डॉ.' चिकटलंच. असो. नाव सुचवलं होतं एका संकलिकेनं. पेठ तालुक्यात केलेल्या तिच्या माहितीपटासाठी मी बायकांचं बोलणं सबटायटल्सकरता उतरवून दिलं होतं.

या जातीच्या महोत्सवांत परीक्षक नुसते सिनेमावाले नसतात. बल्गेरियात काळ्या समुद्राकाठी वार्ना नावाचं शहर आहे, तिथं १९६५ साली रेड क्रॉस आणि आरोग्यपटांचा महोत्सव सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० पासून स्वतःचा लघुपट महोत्सव भरवायला घेतला. त्याच्या परीक्षकांत हॉलिवूडची शॅरन स्टोन बसली, तशी आरोग्याच्या क्षेत्रातली माणसंही बसली. आमचा महोत्सव त्या मानानं अगदी छोटा, युरोपातला. पाच परीक्षक: केनियाची एक सुईण, पोर्तुगालचा एक संकलक, लेबनॉनची एक पत्रकार, जपानचे एक बालरोगतज्ज्ञ आणि मी. मानधन नाही, विमानाचं तिकीट नाही, सगळं घरी बसून लॅपटॉपवर. बैठकीला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, केनियात चार, पोर्तुगालात दुपारचे दोन, आणि जपानी डॉक्टर रात्री दहाला टाय लावून बसलेले. माझ्या मागे खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या.

तर एक चौदा मिनिटांचा लघुपट होता. डोंगरातली एक बाई लशींचा डबा घेऊन चालत वरच्या वस्तीला जाते, एवढंच. निवेदन नाही, संगीत नाही. निघायच्या आधी ती फ्रीजरमधून काढून ठेवलेला आइसपॅक उचलते, कानाशी धरून हलवते आणि परत ओट्यावर ठेवते. बसून राहते. पुन्हा उचलते, पुन्हा हलवते, आणि मग डब्यात सरकवते.

संकलक म्हणाला, सबंध लघुपटात या शॉटची लय सगळ्यात चांगली आहे, पण ती करतेय काय ते मला कळलं नाही. तिकडचा काही शकून-बिकून असेल असं वाटलं. मी खुर्चीतून उठलेच. अहो, मी तेहतीस वर्षं हेच केलंय! लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. पॅक फ्रीजरमधून काढून थेट डब्यात घातला तर दगड झालेल्या बर्फाला टेकून काही लशी गोठतात, आणि धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस बीची लस एकदा गोठली की ती गेली वाया. म्हणून पॅक बाहेर ठेवायचा, त्याला घाम सुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मगच चार पॅक डब्याच्या चार बाजूंना लावायचे. ती बाई दुसऱ्यांदा हलवते तेव्हा किंचित हसते ना, ते त्या खळखळीला हसते.

संकलकानं हेडफोन चढवले, शॉट पुन्हा लावला. खळखळ ध्वनिमुद्रणात होती. दिग्दर्शिकेनं ती बारीकशी ठेवून दिली होती आणि आम्हा पाचांपैकी एकानंही ती पहिल्यांदा ऐकली नव्हती. मीसुद्धा नाही, मला फक्त तिचा हात दिसला होता. तुझ्या मैत्रिणीला सांग, त्याचा कान आणि माझा हात मिळून तो एक शॉट बघून झाला. पहिलं बक्षीस त्यालाच गेलं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७६. आमच्या वेळी आरोग्याचा चित्रपट म्हणजे थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवत तो माहितीपट. आम्ही तेव्हा वडा खायला बाहेर जात असू. 'मानवतावादी' हे बिरूद नव्यानं ऐकतो आहे. 'श्वास'ला ते लावायचं का? आणि दादासाहेब फाळक्यांच्या गावात बसून आपण बल्गेरियाकडे का बघायचं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो मला आवडला. दादासाहेब त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकातच गेले, हे तुम्ही वर्गात कितीदा सांगितलं असेल. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय केलं, ते पोरांना सांगत होता का? १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा विकत घेतला आणि घरात वाटाणा पेरून त्याच्यापुढे तो मांडून बसले. रोज थोडी थोडी चित्रं, महिनाभराहून जास्त. पडद्यावर लावलं तर बी फुटून वेल भराभर वर चढताना दिसली, आणि ते बघून भांडवल घालणाऱ्याचा विश्वास बसला. मला विचाराल तर आरोग्यपटाचा मूळपुरुष तो वाटाणा. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दिसेल अशी करून दाखवायची, आणि मध्ये कुणी भाषण करायचं नाही. तुम्ही वडा खायला बाहेर जात होता तो त्या भाषणामुळे, वाटाण्यामुळे नव्हे.

'मानवतावादी' शब्दाच्या या अर्थाचं मूळ मात्र तिकडं युरोपातच आहे. २४ जून १८५९ ला इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हेन्री द्युनाँ नावाचा एक स्विस व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामाला त्या बाजूला गेला होता. हजारो जखमी तसेच पडलेले. त्यानं शेजारच्या गावातल्या बायाबापड्यांना गोळा केलं आणि कोण कुठल्या सैन्यातला हे न विचारता पाणी पाजायला, जखमा बांधायला लावलं. पुढं १८६३ मध्ये जिनीव्हात रेड क्रॉसची समिती उभी राहिली, आणि १९०१ चं शांततेचं पहिलं नोबेल त्याला दुसऱ्या एकाबरोबर विभागून मिळालं. युद्ध, पूर, भूकंप, निर्वासित, रोगाची साथ, असल्या वेळी माणूस माणसाला कसा सावरतो, हे दाखवणारे चित्रपट या खात्यात पडतात.

बिरूद नव्हतं तेव्हाही असे चित्रपट होतेच. १९४६ च्या पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अकरा चित्रपटांत वाटून दिला गेला, त्यातला एक चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'. वर डोंगरावर शेठ, खाली वस्ती, आणि वरचं घाण पाणी खालच्या वस्तीतून सोडल्यानं घरोघर आजार. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात हा दाखवायला हवा असं मला नोकरीभर वाटत आलं. गटारं आणि दूषित पाण्याचे नमुने हेच तर आमचं काम.

आणि 'श्वास'? माझ्या लेखी तो नक्की बसतो. नातवाला डोळ्याचा कर्करोग, शस्त्रक्रिया झाली की दृष्टी जाणार. लोकांना आजोबा आठवतात. मला आठवतो तो पेच, की त्या पोराला हे आधी सांगायचं की नाही. पेशंट लहान असला तरी पेशंट तोच आहे.

प्रश्न : माझ्या आजीच्या डायलिसिसवर मी २२ मिनिटांचा माहितीपट केला. नोकरी सांभाळून दीड वर्ष गेलं. चार महोत्सवांनी नाकारला, कारण एकानंही दिलं नाही. लिंक किती वेळ बघितली गेली ते मला इकडे दिसतं. एका ठिकाणी फक्त सहा मिनिटं. विषय एवढा महत्त्वाचा, बघणारे सगळे रडतात, तरी असं. परीक्षक चित्रपट पुरा बघतात तरी का? आणि गुण देतात कशावर?
– एक तरुण, सातपूर

उत्तर : सहा मिनिटांचं वाचून वाईट वाटलं. तो बहुधा परीक्षकांचा हात नसावा. आलेल्या ढिगातून आधी निवड समिती चाळणी लावते, आणि तिथं घाई असते. परीक्षकांकडे येतो तो चाळून उरलेला माल. आम्हाला तीन आठवड्यांत एक्केचाळीस चित्रपट होते आणि मी सगळे पुरे बघितले. एक बघताना दोनदा डोळा लागला, दोन्ही वेळा मागं जाऊन पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा चहा घेऊन बसले.

आता गुणांचं. आम्हाला जो तक्ता दिला होता त्यात कथन, दृश्य, ध्वनी असे रकाने होते आणि एक रकाना होता 'विषयाचं महत्त्व'. पहिल्याच बैठकीत लेबनॉनच्या बाई, त्या आमच्या अध्यक्ष, म्हणाल्या की हा रकाना कुणी भरू नका. भूकंपाला नऊ आणि क्षयरोगाला सात असं मी करणार नाही. मी मनात म्हटलं, हिला काय होतंय बोलायला! रेड क्रॉसची सात मूलतत्त्वं १९६५ मध्ये व्हिएन्नात जाहीर झाली, त्यातलं एक निःपक्षपातीपणा. मदत गरजेप्रमाणे द्यायची, दुसरं काही बघायचं नाही. मला वाटायचं, परीक्षकानंही तसंच करावं, ज्याचं दुःख मोठं त्याला झुकतं माप. पण बक्षीस म्हणजे काही धान्याचा ट्रक नव्हे. ते चित्रपटाला द्यायचं असतं, आणि तिथं गरज बाजूला ठेवणं हाच निःपक्षपातीपणा. हे मला कळलं, पण तोंडावर आपटून.

कुपोषणाच्या वॉर्डावरचा एक लघुपट होता. देश सांगत नाही, कारण बैठकीतलं बाहेर बोलायचं नसतं. एवढंही सांगतेय ते चित्रपट ओळखू येणार नाही या बेतानं. पहिल्याच दृश्यात आई बाळ घेऊन धावत आत येते. बाळाचे पाय सुजलेले, केस विरळ, तांबूस. मला नोकरीतला सुरगाणा तालुक्यातला पावसाळा आठवला, पोरं नावानिशी आठवली. रडले. दहापैकी नऊ दिले आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'अस्सल'.

बैठकीत केनियाच्या सुईणबाईंनी विचारलं, भिंतीवरचं घड्याळ कुणी बघितलं का? कुणीच नव्हतं बघितलं. त्यांनी शॉट थांबवून दाखवला. बाळ आत येतं तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. पुढं एका शॉटमध्ये आई चित्रीकरणाच्या परवानगीच्या कागदावर अंगठा उठवते, मागं तेच घड्याळ, दोन वाजून चौदा. चार मिनिटं. बाळाचं अजून वजनसुद्धा झालेलं नाही आणि आईचा अंगठा शाईत. गंमत बघ, दिग्दर्शकानं तो शॉट मुद्दाम ठेवला होता, परवानगी रीतसर घेतली याचा पुरावा म्हणून.

मी काही बोलले नाही, कारण मला दुसरंच आठवत होतं. शिबिराच्या दिवशी, रांगेत, मीही असे अंगठे घेतलेत. कागद वाचून दाखवायचं काम माझंच असायचं, आणि दुपारनंतर 'इथं लाव गं' एवढंच वाचून व्हायचं. म्हणजे ते घड्याळ दिसायला हवं होतं ते सगळ्यात आधी मला. विषय माझा होता म्हणूनच दिसलं नाही. नऊचे मी चार केले.

आपल्याकडे काही बाबतींत हा नुसता सभ्यतेचा मामला राहिलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही, असं कलम आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्हीच्या कायद्यातही संमतीवाचून कुणाची लागण उघड करता येत नाही. पण घरच्या माणसाबाबत कायदा कुणी काढत बसत नाही, तिथं आपलं आपणच विचारायचं.

म्हणून तुला विचारते. तू पत्र दोन पानी लिहिलंस, इथं थोडकंच छापलंय. त्यात तुझी मेहनत आहे, खर्च आहे, बघणारे रडले ते आहे. आजी काय म्हणाली ते कुठंच नाही. तिनं बघितला का? डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन खेपा, दर खेपेला साधारण चार तास. त्या चार तासांत आजी कशाकडे बघत पडलेली असते? छताकडे, शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे, रक्ताच्या नळीकडे? हे तुझ्या २२ मिनिटांत असेल तर मी चुकले, माफ कर. नसेल तर रडणाऱ्यांचे क्लोजअप घातले असशील ते काढून टाक आणि तिथं हे घाल. बावीसचे चौदा झाले तरी चालतील. पाचव्या महोत्सवाला पाठवण्याआधी आजीला दाखव, आणि एखादा शॉट नको म्हणाली तर वाद घालू नकोस.

प्रश्न : एवढं दुःख रोज बघून तुम्हाला झोप लागायची का?
– एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : लागायची. वॉर्डात लागायची तशीच. दिवसाला दोनच बघायचे, जेवणानंतर एकही नाही, आणि मध्ये खाली उतरून भाजी आणायची, हा नियम केला होता. त्रास झाला तो डोळ्यांना. दादासाहेब फाळक्यांचीही सिनेमे बघून बघून काही काळ दृष्टी गेली होती म्हणतात, मग डॉक्टरांनी चष्मे बदलून बदलून ती आणली. माझं डोळ्यांत थेंब घालण्यावर निभावलं.

प्रश्न : ओळखीच्या माणसाचा चित्रपट आला तर परीक्षक काय करतात? वशिला चालतो का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : सुरुवातीलाच एका फॉर्मवर लिहून द्यावं लागतं की या यादीत माझं नातं-गोतं, पैशाचा संबंध कुणाशी आहे का. असेल त्या चित्रपटाला गुण द्यायचे नाहीत आणि त्याची चर्चा चालू असताना बैठकीतून बाहेर पडायचं. यादीत माझ्या जुन्या सहकारी बाईंच्या भाच्याचा चित्रपट निघाला. मी लिहून दिलं, बाहेर बसले, बारा मिनिटं मेथी निवडली. त्याला काही मिळालं नाही. बाईंना वाटतं मी मुद्दाम बाहेर गेले, आत असते तर मिळालं असतं. मेमध्ये त्यांच्या घरचं लग्न झालं, मला पत्रिका नव्हती. दुसरीकडे वशिला चालत असेलही, आमच्या टेबलावर नव्हता.

प्रश्न : ताई, आमचं पंचवटीतलं गणेश मंडळ यंदा डीजेचे पैसे वाचवून आरोग्यावरच्या लघुपटांची स्पर्धा ठेवतंय. परीक्षक म्हणून तुम्ही याल का? नाहीतर एखादे मोठे डॉक्टर बघून ठेवतो.
– मंडळाचे कार्यकर्ते

उत्तर : डीजेचे पैसे वाचवताय म्हणून येईन. पण तीन जण करा, आणि मोठे डॉक्टर नकोत. ते भाषण करतील आणि आठला दुसऱ्या कार्यक्रमाला निघून जातील. तुमच्या वॉर्डातल्या आशाताईंना बसवा. मंडपवाला, जो लाइट आणि माइक सांभाळतो, त्याला बसवा. आवाज फुटला की त्याच्याइतकं लवकर कुणाला कळत नाही. तिसरी मी. गुणपत्रिकेत 'सामाजिक संदेश' हा रकाना ठेवू नका. तो ठेवलात की सगळी पोरं शेवटच्या मिनिटात कॅमेऱ्याकडे बघून हात जोडतात.

जमलं तर स्पर्धेच्या आधी एकदा नुसतं दाखवा आणि लोक काय बोलतात ते मागं उभं राहून ऐका. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही सुरगाण्याच्या एका पाड्यावर जुलाबांवरची फिल्म नेली होती. एक बाई स्वयंपाकघरात पाणी उकळते, साखर-मीठ मोजून घालते, बाळाला चमच्यानं पाजते. छान, स्वच्छ फिल्म. संपल्यावर मी विचारलं, काय बघितलं? पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तिच्या घरात नळ आहे." बाकीच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. साखर-मीठ कुणाच्या लक्षातच नव्हतं. आमच्या त्या फिल्मला त्या दिवशी गुण देणाऱ्या त्या बायकांइतके खरे परीक्षक मला पुन्हा भेटले नाहीत.

पडद्याचं बघा. भाड्याचा महाग पडला तर दोन पांढऱ्या चादरी जोडून घेता येतील, पण शिलाई मधोमध येऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येकाच्या नाकावरून रेघ जाते. खालची कड दुमडून तिच्यात बांबू घालून शिवून घ्या. आणि गोदेच्या बाजूला पडदा उघडा सोडू नका, मागं ताडपत्री लावा. संध्याकाळी नदीवरून वारा सुटला की चादरीचं शीड होतं आणि मग प्रोजेक्टर धरायला दोघं, चादर धरायला चौघं लागतात.